चुना, राखड आणि गंधक: कोरड्या स्क्रबरच्या अभ्यासाची प्रस्तावना

नागपूर शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, तर पूर्वेला मौदा अशी कोळशावर चालणारी तीन मोठी वीज केंद्रे एकाच जिल्ह्यात उभी आहेत. कोराडीत 660 मेगावॉटचे तीन संच, खापरखेड्यात 210 मेगावॉटचे चार व 500 मेगावॉटचा एक, आणि एनटीपीसीच्या मौदा केंद्रात 500 मेगावॉटचे दोन व 660 मेगावॉटचे दोन, असा हा पसारा आहे. कोराडीतील जुन्या संचांचा हिशेब बाजूला ठेवला तरी या तिन्हींची एकत्रित क्षमता साडेपाच हजार मेगावॉटच्या पुढे जाते. या केंद्रांविषयी नागपुरात जी चर्चा होते ती बहुतेक वेळा राखडीभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण राखड दिसते: ती अंगणात पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, पिकांच्या पानांवर साचते. त्याच धुराड्यातून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड मात्र रंगहीन असल्यामुळे तक्रारीच्या अर्जात क्वचितच येतो. त्याला धुरातून वेगळे काढण्याच्या ज्या पद्धती जगात रूढ झाल्या, त्यांपैकी कमी पाण्यात, किंवा जवळजवळ पाण्याविना, काम करणारी पद्धत म्हणजे कोरडे स्क्रबर, आणि तिचा परिचय करून देणे हा या ग्रंथाचा हेतू आहे.

विषयाची सुरुवात कोळशापासून करावी लागते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण 35 ते 45 टक्के, म्हणजे जगाच्या मानाने फार मोठे, आणि गंधकाचे प्रमाण बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे बरेच कमी असते. या कमी गंधकाच्या आधारावरच आपल्याकडे अनेक वर्षे असे मानले गेले, की गंधकाची चिंता अमेरिका-युरोपने करावी. पण टक्केवारी कमी असली, तरी जळणाऱ्या कोळशाचे आकारमान प्रचंड असते. 660 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालताना ताशी सुमारे 400 टन कोळसा जाळतो. त्यात अर्धा टक्का गंधक धरले तर ताशी दोन टन गंधक जळते, आणि गंधकाच्या अणूला प्राणवायूचे दोन अणू चिकटून त्याचे वजन दुप्पट होत असल्यामुळे ताशी चार टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. एवढ्या कोळशाचा धूर ताशी सुमारे 24 लाख घनमीटर भरतो, असे स्थूलमानाने धरता येते. म्हणजे प्रत्येक घनमीटर धुरात सोळाशे-सतराशे मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड असतो. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, कारण कायद्याने घातलेली मर्यादा आणि हा आकडा यांच्यातील अंतर कापणे हेच स्क्रबरचे काम आहे.

वीज केंद्रात धूर स्वच्छ करण्याची जी यंत्रणा आधीपासून असते, ती या वायूच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. स्थिरविद्युत अवक्षेपक, ज्याला केंद्रातील सगळेच कर्मचारी ईएसपी म्हणतात, राखेच्या कणांवर विद्युतभार चढवून ते लोखंडी पत्र्यांकडे खेचून घेतो आणि चांगल्या स्थितीत असेल तर शंभरातले नव्याण्णवहून अधिक कण अडवतो. वायूचे रेणू मात्र त्याच्या पत्र्यांमधून सरळ निघून जातात. वायूला अडवायचे तर त्याला दुसऱ्या कशाशी तरी रासायनिक रीतीने बांधावे लागते. सल्फर डायऑक्साइड आम्लधर्मी असल्यामुळे त्याला बांधणारा पदार्थ अल्कधर्मी हवा, आणि अल्कधर्मी पदार्थांत चुन्याइतका स्वस्त व मुबलक दुसरा नाही. म्हणून गेल्या शतकातील या क्षेत्राचा बहुतेक इतिहास चुनखडी, कळीचा चुना आणि विरलेला चुना यांच्याभोवती घडला आहे.

वायूला न बांधता त्यातून सुटका करून घेण्याचा एक मार्ग भारताने दीर्घकाळ वापरला, तो म्हणजे उंच चिमणी. 500 मेगावॉट व त्याहून मोठ्या संचांसाठी 275 मीटर आणि 200 ते 500 मेगावॉटच्या टप्प्यासाठी 220 मीटर उंचीचा दंडक होता. त्याहून लहान संचांसाठी चिमणीची उंची ताशी बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोग्रॅममधील आकड्याचा 0.3 हा घातांक घेऊन त्याला 14 ने गुणून काढली जात असे. या सूत्रात एक मौजेची गोष्ट दडलेली आहे: वायूचे प्रमाण दुप्पट झाले तरी चिमणी जेमतेम 23 टक्क्यांनी उंच करावी लागते. चिमणी वायू नाहीसा करीत नाही, तो दूरवर आणि पातळ करून पसरवते. वरच्या हवेत जाणाऱ्या या वायूचे काही तासांपासून काही दिवसांत सल्फेटमध्ये रूपांतर होते, हवेतील अमोनियाशी संयोग पावून त्याचे अडीच मायक्रॉनहून लहान कण बनतात, आणि हे कण शेकडो किलोमीटर प्रवास करू शकतात. त्यामुळे एखाद्या शहराच्या मापन केंद्रावर सल्फर डायऑक्साइडचा आकडा समाधानकारक दिसत असताना त्याच वायूपासून बनलेले सूक्ष्म कण दुसऱ्याच रकान्यात, धूलिकणांच्या नावे, मोजले जात असतात. हिवाळ्यात नागपूरचा वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून मंद वाहतो आणि कोराडी शहराच्या उत्तरेला आहे, एवढे भूगोलाचे ज्ञान या मुद्द्याचे स्थानिक महत्त्व कळायला पुरेसे आहे.

महाराष्ट्राला धुरातील गंधक काढण्याचा अनुभव नाही असे नाही. तो किनाऱ्यावरचा आहे. तुर्भ्याच्या टाटा वीज केंद्रात 1980च्या दशकात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा बसली. समुद्राचे पाणी मुळातच थोडे अल्कधर्मी असल्यामुळे तिथे चुनाही लागत नाही. डहाणूची कथा अधिक बोधप्रद आहे. चिकूच्या बागांचा हा तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्याकडे आले. दादा धर्माधिकारींचे हे सुपुत्र नागपूरच्या वकिलीतून घडलेले, हे नागपूरकर वाचकाला सांगायला नको. 250 मेगावॉटच्या दोन संचांच्या या केंद्राने गंधक काढणारी यंत्रणा बसवावी असा आदेश प्राधिकरणाने 1999 मध्ये दिला; ती प्रत्यक्षात 2007 मध्ये चालू झाली. आठ वर्षे लागली, पण झाले. ज्या प्रश्नावर नागपूरच्या न्यायमूर्तींनी डहाणूत तड लावली, तो नागपूरच्या वेशीवर मात्र अजून रेंगाळतो आहे. विदर्भाजवळ समुद्र नाही, हे खरे. परंतु रेंगाळण्याचे ते कारण नव्हे.

समुद्रापासून दूर असलेल्या केंद्रांसाठी जगभर सर्वाधिक रुळलेली पद्धत ओल्या स्क्रबरची. तीत चुनखडीची बारीक पूड पाण्यात कालवून तिचा फवारा मोठ्या मनोऱ्यात धुरावर मारला जातो, गंधक कॅल्शियमशी बांधले जाते आणि हवा फुंकल्यावर जिप्सम मिळते, जे सिमेंट कारखाने घेतात. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक गंधक काढण्याची तिची क्षमता निर्विवाद आहे. पण मनोऱ्यातून निघणारा धूर पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत थंड आणि बाष्पाने पूर्ण भरलेला असतो, त्याच्या ओलाव्यात आम्ल असते, त्यामुळे जुनी चिमणी तशीच वापरता येत नाही. तिला आतून आम्लरोधक अस्तर द्यावे लागते किंवा नवी बांधावी लागते. शिवाय क्लोराइड साचलेले सांडपाणी सतत बाहेर काढून वेगळे शुद्ध करावे लागते.

कोरड्या स्क्रबरचा उगम या अडचणींत आहे. 1979 मध्ये अमेरिकेने नव्या वीज केंद्रांसाठी जे मानक ठरवले, त्यात जास्त गंधकाच्या कोळशाला 90 टक्के आणि कमी गंधकाच्या कोळशाला किमान 70 टक्के गंधक काढण्याची अट घातली गेली. पश्चिमेकडील राज्यांत कमी गंधकाचा कोळसा आणि पाण्याची टंचाई या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, आणि या सवलतीमुळे तिथे कोरड्या पद्धतीला वाट मिळाली. नॉर्थ डकोटातील कोयोट केंद्र 1981 मध्ये अशाच स्क्रबरसह सुरू झाले. भारतीय वाचकाने या प्रसंगाकडे बारकाईने पाहावे, कारण कमी गंधकाचा कोळसा आणि पाण्याची ओढ ही जोडी विदर्भाला परकी नाही. तंत्राची मुळे मात्र वीज उद्योगात नव्हती. द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब गरम हवेत उडवून क्षणात त्यांची कोरडी पूड करण्याची कला डेन्मार्कमधील निरो कंपनीने दूध पावडरीसारख्या उत्पादनांसाठी विकसित केली होती; दुधाच्या जागी चुन्याचे दाट पाणी आणि गरम हवेच्या जागी धूर आला, एवढाच फरक.

आज कोरडे स्क्रबर या नावाखाली तीन वेगवेगळ्या पद्धती येतात, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे सार्वजनिक चर्चेत बराच गोंधळ होतो. पहिली, नुकतीच वर्णन केलेली, फवारा-शुष्कनाची: विरलेल्या चुन्याचे दाट पाणी मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चक्रातून धुक्यासारखे उडवले जाते, थेंब ओला असेपर्यंत त्यात गंधक शोषले जाते, आणि थेंब वाळून तळाशी किंवा पुढच्या बॅगफिल्टरमध्ये, म्हणजे कापडी पिशव्यांच्या गाळणीत, पूड होऊन पडतो. धुराचे तापमान बाष्प साकळण्याच्या बिंदूच्या दहा-पंधरा अंश वर राखणे ही येथील कसोटी असते, कारण त्याहून गरम राहिला तर शोषण कमी होते आणि त्याहून थंड झाला तर पिशव्यांवर चिखल बसतो. दुसरी पद्धत फिरत्या थराची: कोरडा विरलेला चुना आणि आधी वापरलेली पूड धुराच्या झोतात तरंगत ठेवून, वर पाण्याचा वेगळा शिडकावा करून, तीच पूड पुनःपुन्हा आत फिरवली जाते, पंचाण्णव टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढेही जाण्याची तिची ताकद आहे. तिसरी, सर्वांत साधी, थेट पूड मारण्याची: कोणताही मनोरा न बांधता धुराच्या नळातच कोरडा चुना किंवा सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे रासायनिकदृष्ट्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडाच, फुंकला जातो. उष्णतेने बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड व वाफ निघून जाते, कण सच्छिद्र होतो आणि गंधक झपाट्याने पकडतो. एनटीपीसीने दादरी येथील 210 मेगावॉटच्या संचांसाठी हीच पद्धत निवडली. यंत्रणा लहान, खर्च कमी, उभारणी लवकर. पण पूड महाग आणि काढण्याची क्षमता मध्यम, असा हा व्यवहार आहे.

कोरड्या पद्धतीच्या जाहिरातीत पाण्याची बचत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेली असते, म्हणून तिची शहानिशा आधी करावी. धूर 140 अंशांवरून 55 अंशांवर आणायला, वर धरलेल्या 660 मेगावॉटच्या संचात, ताशी सुमारे 115 टन पाण्याची वाफ व्हावी लागते; फवारा-शुष्कनात तो 75 अंशांवर थांबवला तरी सुमारे 90 टन पाणी उडतेच. म्हणजे वाफेपुरती बचत एक चतुर्थांशाच्या आतबाहेर. खरी बचत वेगळीकडे आहे. कोरड्या पद्धतीतून सांडपाणी निघत नाही, आणि तिला फारसे स्वच्छ पाणी लागत नाही, त्यामुळे शीतकरण मनोऱ्यातून टाकून दिलेले खारट पाणी तिथे चालू शकते. नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी भांडेवाडीहून कोराडीच्या नव्या संचांकडे नेण्याचा प्रकल्प दररोज 130 दशलक्ष लिटरचा आहे; पेंचचे पाणी शहराला राहावे या हिशेबाने ज्या केंद्राने ही वाट स्वीकारली, तिथे पाण्याचा प्रश्न किती लिटर याहून कोणत्या प्रतीचे आणि वापरून झाल्यावर कुठे, असा विचारला पाहिजे. थेट पूड मारण्याच्या पद्धतीत मात्र पाणी खरोखरच नगण्य लागते.

राखडीचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे आणि, या प्रस्तावनेच्या मते, विदर्भात तोच निर्णायक ठरावा. 400 टन कोळशातून ताशी दीडशे टनांच्या घरात राख निघते. स्क्रबरमधून निघणारी पूड त्यापुढे दहा टनांच्या आसपास. ही पूड कॅल्शियम सल्फाइट, थोडे सल्फेट आणि न वापरला गेलेला चुना यांचे मिश्रण असते, आणि तिला जिप्समसारखे तयार गिऱ्हाईक नसते. ती वेगळी राहिली तर खाणीच्या भरावात किंवा रस्त्याच्या थरात तिची सोय लावता येते. पण ती राखडीत मिसळली, तर दहा टनांच्या पायी दीडशे टनांचे मोल जाऊ शकते, कारण सिमेंट आणि विटांसाठी राख घेणाऱ्यांना तिच्यातील गंधकाचे प्रमाण मर्यादेत हवे असते. राखेचा संपूर्ण वापर केंद्रांवर बंधनकारक करणाऱ्या अधिसूचना 1999 पासून निघत आल्या आहेत. सोडियमची पूड वापरली तर आणखी एक धोका येतो: सोडियम सल्फेट पाण्यात सहज विरघळते, आणि अशी राख बंधाऱ्यात गेली तर पावसाळ्यात ते क्षार पाझरून विहिरींपर्यंत पोहोचू शकतात. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या खसाळा राख बंधाऱ्याला भगदाड पडून राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत आणि नदीनाल्यांत शिरले, हे ज्यांनी पाहिले त्यांना हा धोका कागदी वाटणार नाही.

येथे रसायनशास्त्र आणखी एक पेच टाकते. कॅल्शियमची पूड राखेचा विद्युतरोध वाढवते, आणि भारतीय राख मुळातच अधिक रोधाची असल्यामुळे जुन्या ईएसपीचे काम त्याने बिघडते. सोडियमची पूड उलट रोध कमी करून ईएसपीला मदत करते. म्हणजे जी पूड धुळीसाठी चांगली ती राखडीसाठी वाईट. यातून सुटण्याचा मार्ग क्रमात आहे: आधी ईएसपीने राखड कोरडी आणि निर्भेळ काढून घ्यावी, त्यानंतर चुना मारावा, आणि शेवटी बॅगफिल्टरने पूड गाळावी. खर्च वाढतो, जागा लागते, धूर खेचणाऱ्या पंख्यांवर भार येतो. पण त्याच बॅगफिल्टरमध्ये ईएसपीतून निसटलेली बारीक राख आणि पाऱ्याचा काही अंशही अडतो, आणि धूर साकळणबिंदूच्या वर राहत असल्यामुळे जुनी चिमणी वापरता येते. चुन्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपना पट्ट्यात चुनखडीच्या खाणी आणि त्यांच्यावर उभे राहिलेले सिमेंट कारखाने आहेत. मात्र स्क्रबरसाठी लागणारा चुना अधिक शुद्ध आणि नीट भाजलेला हवा, त्यामुळे तो साध्या चुनखडीपेक्षा कितीतरी महाग पडतो, आणि कोरड्या पद्धतीचा चालवण्याचा खर्च मोठ्या संचांत ओल्यापेक्षा जास्त भरतो तो यामुळेच.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल, कारण तिच्यात तत्त्वापेक्षा तारखा अधिक आहेत. 7 डिसेंबर 2015 च्या केंद्रीय अधिसूचनेने 2017 पूर्वीच्या संचांना सल्फर डायऑक्साइडसाठी प्रति घनमीटर मर्यादा घातली: 500 मेगावॉटहून लहान संचांना 600 मिलिग्रॅम, 500 व त्याहून मोठ्यांना 200, आणि 2017 पासूनच्या नव्या संचांना 100. दोन वर्षांची मुदत होती. ती 2022 पर्यंत, मग टप्प्याटप्प्याने 2029 पर्यंत लांबत गेली. 2021 मध्ये केंद्रांचे तीन वर्ग पाडले गेले, आणि 11 जुलै 2025 च्या अधिसूचनेने तिसऱ्या वर्गाला, ज्यात देशातील तीन चतुर्थांशाहून अधिक संच येतात, चिमणीच्या उंचीच्या अटीवर या मर्यादेतून मोकळे केले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापासून किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतील पहिल्या वर्गाला मात्र डिसेंबर 2027 पर्यंत मर्यादा पाळायची आहे. 2011 च्या जनगणनेत चोवीस लाखांची वस्ती नोंदवलेल्या शहराला लागून असलेल्या कोराडीसारख्या ठिकाणांचा विचार करूनच हा वर्ग आखला गेला असावा. फिरून उंच चिमणीवर विसंबणे ही मात्र प्रगती म्हणता येणार नाही.

या माघारीला शास्त्रीय आधारही दिला गेला, आणि त्याचा प्रामाणिक विचार करायला हवा. नागपुरातच मुख्यालय असलेल्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या नीती आयोगासाठी केलेल्या अभ्यासात सल्फर डायऑक्साइडपेक्षा धूलिकणांच्या नियंत्रणाला अग्रक्रम देण्याची बाजू मांडली गेली. भारतीय कोळशातील कमी गंधक, जमिनीलगतच्या हवेत आढळणारे कमी प्रमाण आणि स्क्रबर चालवायला लागणाऱ्या विजेमुळे व चुनखडीमुळे वाढणारा कार्बन डायऑक्साइड हे या बाजूचे नेहमीचे युक्तिवाद आहेत. त्यांतला शेवटचा खरा आहे: चौसष्ट किलो सल्फर डायऑक्साइड चुनखडीने बांधताना चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड सुटतोच. पण कोळसा जाळून निघणाऱ्या कार्बनपुढे ही भर एका टक्क्याच्याही खाली राहते. जमिनीलगतच्या कमी आकड्याचा युक्तिवाद सल्फेटचे सूक्ष्म कण हिशेबात घेतले की दुबळा होतो. शिवाय बॅगफिल्टरसह बसवलेले कोरडे स्क्रबर गंधक आणि धूलिकण दोन्ही एकदम कमी करत असल्यामुळे, यापैकी एकच निवडा हा आग्रह त्याला लागू पडत नाही.

नागपूरपुरता निष्कर्ष यातून पुष्कळसा स्पष्ट होतो. खापरखेड्याच्या 210 मेगावॉटच्या संचांना 600 मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला साधारण 64 टक्के गंधक काढावे लागेल. ते थेट चुना वा सोडा मारण्याच्या आवाक्यात आहे, आणि 1989 ते 2001 या काळात सुरू झालेल्या, उरलेले आयुष्य मोजके असलेल्या यंत्रांवर ओल्या स्क्रबरचा भांडवली बोजा टाकणे शहाणपणाचे नाही. कोराडीच्या 660 मेगावॉटच्या संचांना 200 मिलिग्रॅमसाठी 88 टक्के गंधक काढावे लागते आणि त्यांच्यापुढे अजून दोन-तीन दशके आहेत. तिथे ओले स्क्रबर किंवा फिरत्या थराचे कोरडे स्क्रबर यांची तुलना पाण्याची प्रत, राखडीची विक्री आणि चुन्याचा दर मांडूनच करावी लागेल, आणि ती संचागणिक वेगळी निघू शकते.

पुढील प्रकरणांत रसायन, यंत्ररचना आणि खर्च यांचा तपशील येतो. ज्यांना समीकरणांचे वावडे आहे त्यांनी राखडीवरील प्रकरण आधी वाचले तरी चालेल. या केंद्रांच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाने पुढच्या जनसुनावणीला जाताना तीन प्रश्न मात्र लेखी मांडावेत: चुना ईएसपीच्या आधी मारणार की नंतर, स्क्रबरची पूड कुठे टाकणार, आणि बॅगफिल्टरच्या पिशव्या किती वर्षांनी बदलणार.